दुसरी खुंटी

अहो मुक्ताचे बाबा,

तुमचा गळ घरात नाही. पत्र्याखालच्या आडव्या लाकडावर तुम्ही तो बांधून ठेवायचात ना, तिथे आता नुसते सुतळीचे फास लोंबतायत. दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले. आणि खरं सांगू का? भांडायलाही बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हापासून आपलं नीट भांडण असं झालंच नाही.

दिवाळी संपली, मुक्ता तिच्या नोकरीच्या गावी परत गेली. आकाशकंदील वर ठेवायला मी स्टुलावर चढले आणि पाहते तर जागा रिकामी. आधी वाटलं चोर. पण सोनं-नाणं सोडून बांबूची काठी आणि गळ नेणारा चोर आपल्या गेवराई तालुक्यात जन्मला असेल, असं मला वाटत नाही. मग आठवलं, पोरगी जाताना माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून काहीतरी लांबडं घेऊन एसटीत चढली होती. विचारलं तर म्हणाली, पडद्याची काठी आहे.

फोन लावला. "मुक्ते, पडदा लावलास का?"

"लावला की."

"कोन्च्या काठीला?"

ती गप्प. ती गप्प झाली की समजायचं, तुमच्यावर गेली आहे. तुम्हीही पकडले गेलात की असेच गप्प बसायचात आणि बिडी शोधायला लागायचात.

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तुमच्यानंतर या घरात मासा शिजला नाही. गंगेकडे मी फिरकले नाही. शहागडच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा मी डोळे मिटून बसते, आणि शेजारची बाई समजते की मी मनात हात जोडलेत. हात कसले जोडते? सगळा गाव गोदावरीला गंगा म्हणतो, तिची ओटी भरतो. मी तिच्याशी बोलत नाही, एवढंच.

मुक्ताला नर्सची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या गावी. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात दुसरं गाव नव्हतं का? मी तिला शपथ घातली होती, पाण्याजवळ जायचं नाही. ती म्हणाली होती, "आई, दवाखान्याच्या खिडकीतून दिसंल तेवढाच बगीन."

खिडकीतून बघायला बापाचा गळ लागतो का हो?

मी माझ्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईला सांगितलं, चार दिवस पोरं सांभाळ, आणि निघाले. बीडला गाडी बदलली, पुढे कोल्हापूरला बदलली. घाट उतरताना मनात एकच होतं. गळ परत आणायचा आणि पोरीकडून बदलीचा अर्ज लिहून घ्यायचा. एक माणूस पाण्याला दिलं, तेवढं पुरे झालं.

तिची खोली नाना म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला आहे. शाळेत कारकून होते, आता निवृत्त. दार उघडलं तर कोपऱ्यात तुमचा बांबू उभा, आणि त्याच्या शेजारी त्याच्याहून लांब, काळी, चकचकीत काठी, तिला गरगर फिरणारं चाक. म्हणजे प्रकरण माझ्या समजुतीपेक्षा पुढे गेलं होतं. मी चप्पलसुद्धा न काढता बांबू हातात घेतला. तो मी पुढे दोन दिवस खाली ठेवला नाही.

"आई, तू कावून आलीस?"

"पडदे बगायला आले."

मग ती रडली, मी रडले, आणि मग चहा झाला. चहाबरोबर तिने सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातून सुटल्यावर ती रोज किनाऱ्यावर चालायला जायची. नाना तिथे मासे धरत उभे असायचे. तिकडे गळाला गरी म्हणतात. ती बघत उभी राहायची, आणि एक दिवस नानांनी काठी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "आई, हातात दोरी आली आन् पप्पा शेजारी हुबे हायेत असं वाटलं. तू मला मारलंस तरी चालंल, पन मला तसं वाटलं."

मी काय मारणार?

म्हणून दिवाळीला तिने तुमचा गळ पळवला. तिला वाटलं, नानांची काठी कशाला, आपल्या घरचा गळ आहे की. आणि तिथे तुमची जी फजिती झाली ती ऐकून मला हसू आलं, माफ करा. पोरीने तुमच्यासारखीच कणीक मळली, हिंग घातला, गोळी गळाला लावली आणि टाकला समुद्रात. पहिल्याच लाटेने कणीक विरघळवून नेली. दुसऱ्या वेळी गळ फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडेच पडला आणि लाटेने तो तिच्याच पायाशी आणून टाकला. गावभर मिरवायचात ना, माझ्या कणकेला गंगेतला प्रत्येक मासा ओळखतो म्हणून? समुद्रातला एकही ओळखत नाही.

नाना म्हणाले, तिथे कोळंबी लावायची, घट्ट. दोरीला शिशाचं वजन बांधायचं म्हणजे ती वाळूत बसते. लांब काठीने डोक्यावरून झोकून लाटांच्या पलीकडे टाकायचं. मग दोरी ताणून धरायची, बोट तिच्यावर ठेवायचं, आणि वाट बघायची. लाट ओढते ते वेगळं आणि मासा ओढतो ते वेगळं, हे बोटाला कळायला दिवस जातात. हे सांगताना तिचं बोट हवेतच कुठल्यातरी दोरीवर टेकलेलं होतं. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "बदलीचा अर्ज लिही."

ती म्हणाली, "उद्या एकदा माझ्यासंगं चल. तू बग. मंग तू न्हाई म्हनलीस तर काठी नानांना वापस देते, पप्पांचा गळ तू घेऊन जा, आन् अर्ज पन लिहिते. शब्द हाय."

तुमची मुलगी आहे, शब्द मोडणार नाही हे मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात तिकडचं सामान बांधायला लागले. नाही म्हणायलाच तर आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गेलो. नानांचा गुडघा धरला होता, ते आले नाहीत. अहो, केवढं ते पाणी! पलीकडचा काठच नाही. गंगेला पूर आला तरी समोर शहागडची झाडं दिसतात. इथे बघायचं तरी कुठे? ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि टणक. मी पहिलं काम काय केलं, ओळखा. वाळलेली एक फांदी उचलली आणि पाण्याच्या कडेला खुंटी रोवली.

मला ते तुम्हीच शिकवलंत ना? वर धरणातून पाणी सोडलं तर भोंगा आपल्या गावापर्यंत ऐकू येत नाही, म्हणून काठावर आधी बाभळीची खुंटी. "खुंटी भिजली की गळ सोड, मासा सोड, वर पळ." किती वेळा ऐकलं असेल मी हे घरी बसून. मुक्तालाही तुम्ही हेच शिकवलंत, ती शेंबूड पुसत खुंटीकडे बघत बसायची.

मी खुंटी रोवून मागे वळते न वळते तोच एक लाट आली आणि खुंटीच्या डोक्यावरून गेली. "पानी सोडलंय गं, वर ये!" असं ओरडत मी बांबू घेऊन किनाऱ्यावर पळत सुटले. तिकडे जाळी विणत बसलेल्या बायका उठून बघायला लागल्या. मुक्ता मागून धावत आली, मला धरलं.

"आई, धरन न्हाई इथं. कुनी सोडत न्हाई. ही लाट हाय, येती आन् जाती."

"मंग खुंटी कशी बुडली?"

"इथली खुंटी रोजच बुडती."

त्या बायका हसल्या, मीही ओशाळून हसले. पण मनात आलं, रोज बुडणारी खुंटी काय कामाची? मग माणसाने पळायचं कधी, हे कोण सांगणार?

मुक्ता पुढे गेली. काठापासून थोडं आत वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडला होता. तो आणि किनारा यांच्यामध्ये सखल भाग होता, त्यात घोट्याइतकं पाणी. ती ते ओलांडून उंचवट्यावर गेली. म्हणाली, तिथून टाकलं की लाटांच्या पलीकडे जातं, आणि भरती सुरू होताना मासा काठाकडे येतो, नानांनी सांगितलंय. तिने कोळंबी लावली, काठी डोक्यामागे नेली आणि झोकली. शिसं लांब जाऊन पडलं. मग ती पाय रोवून उभी राहिली, मान जरा डावीकडे कललेली.

तुम्ही असेच उभे राहायचात. मी काठावरून कधी पाहिलं नाही, पण डबा द्यायला गेलेल्या मुक्ताने घरी येऊन तुमची नक्कल करून दाखवली होती, तीच ही मान.

मला समोर बघवेना. समुद्राकडे पाठ करून बसावं म्हटलं तर पोरगी नजरेआड होते. म्हणून मी मधल्या त्या सखल पाण्याकडे बघत बसले. आणि तिथे मला तुमची खुंटी आठवली.

तुम्हाला काठावर आणलं तेव्हा मी पहिल्यांदा कशाकडे पाहिलं असेल, सांगू? तुमच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती. मी खुंटीकडे पाहिलं. ती कोरडी होती, ठणठणीत कोरडी. पाणी वाढलंच नव्हतं. तुम्ही गळात अडकलेला मासा सोडवायला एक पाऊल पुढे टाकलंत, आणि जिथे तुमच्या लहानपणापासून गुडघाभर पाणी होतं, तिथून कुणीतरी वाळू उपसून नेली होती. तुम्ही पाणी वाढायची वाट बघत राहिलात आणि खाली जमीनच नव्हती. खुंटीने तुम्हाला काय सांगायचं होतं हो? ती तर समोरच्या पाण्यासाठी होती.

मी उठले. दुसरी फांदी शोधली आणि त्या सखल भागात, मुक्ताच्या पाठीमागे, रोवली. का रोवली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. समोरची खुंटी इथे खोटं बोलते, मग मागे एक असू दे, एवढंच वाटलं.

थोड्या वेळाने पाहिलं तर फांदी आखूड वाटली. डोळे चोळून पाहिलं. फांदी तेवढीच होती, पाणी चढलं होतं. लाट नाही, आवाज नाही. पाणी समोरून येतच नव्हतं, लांब डाव्या बाजूने वळसा घालून त्या सखल भागात शिरत होतं, चोरपावलांनी. समोर उंचवट्यावर मुक्ताचे पाय अजून कोरडेच होते. तिला काय दिसणार? ती समोर बघत होती.

मी हाक मारली. वारा माझ्याच तोंडावर येत होता, हाक मागेच राहिली. पुन्हा मारली. तेवढ्यात तिची काठी वाकली आणि ती चाक फिरवायला लागली. आता तर कानाशी ढोल वाजवला असता तरी तिने वळून पाहिलं नसतं, बापाची अवलाद. फांदीचं नुसतं टोक उरलं होतं.

तुम्ही गेल्यापासून मी पायाची बोटंसुद्धा वाहत्या पाण्यात घातली नव्हती. त्या दिवशी पदर खोचला आणि शिरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. पातळ पायात गुंडाळायला लागलं, खालून वाळू सरकत होती, आणि दर पावलाला वाटत होतं, आता खड्डा, आता खड्डा. मग हातातल्या बांबूची आठवण झाली. मी तो पुढे खुपसायचा, वाळू टणक लागली की मगच पाऊल टाकायचं, असं करत गेले. तुमच्यावर इतका राग आला त्या वेळी! हातात असा पाच हाताचा बांबू असताना एकदा पुढे टोचून बघायला काय झालं होतं तुम्हाला?

उंचवट्याच्या अलीकडे पाणी कमरेला लागलं. मी तिथूनच ओरडले, "मुक्ते, मागं बग."

तिने वळून पाहिलं. आधी तिला वाटलं, आई वेडी झाली. मग तिची नजर माझ्या मागे किनाऱ्यापर्यंत गेली आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. येताना घोटा भिजवून आलेली ती पोर, आणि आता मध्ये ओढ असलेलं पाणी.

"आई, तिथंच थांब. हालू नको."

"तू ये. मी पायानं चाचपत पुढं जाते. बांबू सोडू नको."

मी बांबूचं दुसरं टोक तिच्याकडे केलं. तिने एका हाताने ते धरलं, दुसऱ्या हातात काठी उंच धरलेली. मी पुढे, ती मागे. मी पायाने पुढची वाळू चाचपायची आणि मगच पाऊल टाकायची, बांबू तिच्या-माझ्यामध्ये ताणलेला. एकदा पाण्याने मला बाजूला रेटलं, तेव्हा तिने बांबू असा काही ओढून धरला की माझा खांदा दुखायला लागला, तो अजून दुखतोय. किनाऱ्याची वाळू लागली तेव्हा दोघी जणी मटकन खाली बसलो. मागे पाहिलं तर उंचवटा नव्हताच. तिथे लाटा फुटत होत्या.

मग लक्षात आलं, काठीच्या दोरीला मासा तसाच आहे. वीतभर लांबीची, निमुळती, पांढरी मुडदुशी. मुक्ताने ती सोडवली आणि उठून पाण्यात सोडून दिली. दिवसाचा पहिला मासा गंगेला परत, ही तुमची रीत तिने समुद्रातही चालवली आहे. मला हे माहीत नव्हतं.

ती परत येऊन समोर बसली. दातावर दात वाजत होते. म्हणाली, "आई, मी शब्द दिलाय. तू बोल. काठी देऊन टाकते."

तोंडाशी आलेला तो ‘न्हाई’ मी चावत बसले. न्हाई, दोन अक्षरं. त्यासाठीच घाट उतरून आले होते. पण मला पडद्याची काठी आठवली. मी नाही म्हटलं तर ती शब्द पाळेल, एक वर्ष, दोन वर्षं. आणि एक दिवस हाताला दोरीची आठवण येईल, तशी ती मला न सांगता जाईल. तेव्हा तिच्या मागे कोण असेल? मी तुमच्याशी भांडायला बसले ते याच्यासाठी. इतकी वर्षं गंगेवर जात होतात, मला कधी सोबत नेलंत का? "बाईमानसाचं काय काम गळाजवळ," म्हणायचात. नेलं असतंत तर मी तुमच्या मागे बसले असते. बांबू घेऊन बसले असते हो.

मुक्ता वाट बघत होती. मी म्हटलं, "आधी सांग, दुसरी खुंटी कोन रोवनार?"

आणि तिच्या पाठीमागे रोवलेली माझी फांदी बुडाली होती तिकडे बोट केलं. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली, जशी तुम्ही गेलात तेव्हाही रडली नव्हती.

घरी जाऊन मी नानांना झापलं. म्हटलं, "भरतीला मासा जवळ येतो सांगितलंत, पानीबी येतं हे कावून न्हाई सांगितलंत?" ते बिचारे गुडघा शेकत बसले होते. म्हणाले, "वहिनी, सांगितलं होतं. पण पहिल्या पहिल्यांदा माणूस मासा ऐकतो, पाणी ऐकत नाही. चुकलं माझं, मी सोबत असायला हवं होतं." मग त्यांनी आम्हा दोघींना भरती-ओहोटीचं गणित समजावलं. तिथीवर चालतं ते सगळं, अमावास्या-पौर्णिमेला जोर जास्त. मला लगेच समजलं. तिथी बघण्यात माझा जन्म गेला.

बदलीचा अर्ज लिहिला नाही. तुमचा गळ मी तिकडेच ठेवून आले. मासे धरायला नाही, ते त्याच्याने व्हायचं नाही. पुढे टोचून बघायला.

काल गावात परत आले आणि आज सकाळी गंगेवर गेले होते. हो, मी. तुमच्या जागेपासून लांब उभी राहिले. तिच्याशी बोलले नाही अजून, पण डोळे उघडे होते. येताना बांधावरच्या बाभळीच्या दोन खुंट्या तोडून आणल्या, साली काढून दारात वाळत घातल्यात. संक्रांतीला घेऊन जाणार आहे. एक मुक्ताच्या पुढची, लाटा मोजायला, तुमचं समाधान म्हणून. दुसरी मागची.

आता माझा शब्द ऐका. दोन खुंट्या आणि मागे एक माणूस असल्याशिवाय ती पाण्याजवळ उभी राहणार नाही. मी नसेन तेव्हा नाना बसतील, त्यांना गुडघ्यासकट बसवीन. आणि मी असेन तेव्हा ती समुद्राकडे बघेल, मी तिच्याकडे बघत बसेन. तुमच्या मागे बसायचं राहिलं, ते तिच्या मागे बसून पुरं करीन.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची,
कौसल्या